गवतातल्या चतुरांसाठी एक वाट सांभाळाल का?

शिकागो परिसरातल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणीस, आणि नेपरव्हिल, ऑरोरा, लेमाँट, प्लेनफील्ड, शॉमबर्ग इथल्या सर्व मराठी कुटुंबांस,

सप्रेम नमस्कार.

हे मागणीचं पत्र आहे, म्हणून मागणी आधी सांगते. येत्या उन्हाळ्यात आपल्यातल्या काही कुटुंबांनी इलिनॉयच्या प्रेअरीतली, म्हणजे इथल्या मूळच्या गवताळ रानातली, एकेक वाट अंगावर घ्यावी. मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, दर दोन-तीन आठवड्यांनी, त्याच ठरलेल्या वाटेनं चालावं. वाटेवर दिसलेले चतुर आणि टाचण्या (चतुरांचीच बारीक अंगाची भावंडं) ओळखाव्यात, मोजाव्यात आणि ती मोजणी कळवावी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच करावं आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. याचे पैसे मिळत नाहीत, प्रमाणपत्राचं फारसं कौतुक होत नाही, आणि पहिल्या हंगामात निम्मे चतुर ओळखूही येत नाहीत. तरीही मी आग्रहानं मागते आहे, कारण या कामाला माणसं कमी पडतात, आणि आपल्याकडे माणसं आहेत.

मी स्वतः नचूसा ग्रासलँड्समध्ये अशी एक वाट सांभाळते. नेपरव्हिलहून आय-८८ महामार्ग धरून पश्चिमेला साधारण सव्वा तास गेलं की फ्रँकलिन ग्रोव्ह नावाचं छोटं गाव लागतं, त्याच्या उत्तरेला हा गवताळ प्रदेश आहे. नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनं १९८६ मध्ये इथली पहिली जमीन घेतली. मग शेजारची शेतं एकेक करून घेत, मका-सोयाबीन काढून तिथं मूळच्या गवतांचं आणि रानफुलांचं बी पेरत आज हा परिसर सुमारे चार हजार एकरांचा झाला आहे. हे बी फार मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांनी हातानं गोळा केलेलं आहे. निवृत्त शिक्षक, नर्स, शेतकरी, विद्यार्थी असे लोक ऑक्टोबरच्या थंडीत कमरेला बादली बांधून गवताचे तुरे खुडतात. २०१४ साली इथे बायसन, म्हणजे रानगव्यासारखे इथले मोठे प्राणी, परत आणले. आपल्यातले पुष्कळ जण ते बायसन बघायला जाऊन आले असतील. बायसन लांबून दिसतात, फोटो येतो, पोरं खूश होतात. पण त्याच गवतामधून वाहणाऱ्या ओढ्याकाठी काय उडतंय, याची नोंद ठेवायला मोजकीच माणसं आहेत.

या राज्याला लोक प्रेअरी स्टेट म्हणतात. एके काळी इथे सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. त्यातली जुनी, न नांगरलेली, चांगल्या स्थितीतली प्रेअरी आज हजार एकरांत एक एकरही उरलेली नाही. ती कशी गेली त्याचा आरंभही नचूसाच्या अगदी जवळचा आहे. तिथून काही मैलांवर, रॉक नदीच्या वळणावर, ग्रँड डिटूर नावाचं खेडं आहे. १८३७ साली जॉन डिअर नावाच्या लोहारानं तिथं पोलादी फाळाचा नांगर घडवला. प्रेअरीची काळी, चिकट माती ओतीव लोखंडाच्या नांगराला चिकटून बसायची. शेतकऱ्याला दर थोड्या वेळानं थांबून फाळ खरवडावा लागायचा. गुळगुळीत पोलादावरून ती आपोआप घसरू लागली आणि पुढच्या काही दशकांत अख्खं राज्य उलथलं गेलं. त्यानंतर आले जमिनीखालचे निचऱ्याचे पाइप. शेतात पाणी साचू नये म्हणून आधी भाजक्या मातीचे आणि मग प्लॅस्टिकचे नळ पुरून दलदली, पाणथळ कुरणं, उथळ तळी आटवली. इलिनॉयच्या पाणथळ जागांपैकी जवळजवळ नव्वद टक्के अशा गेल्या. गवताचं नुकसान रस्त्यावरून जातानाही दिसतं. पाण्याचं नुकसान मात्र कोणी दाखवून दिल्याशिवाय लक्षात येत नाही.

चतुर आणि टाचण्या मोजायच्या त्या यासाठी. हवेत उडताना दिसतो तो चतुराच्या आयुष्याचा शेवटचा, थोड्या आठवड्यांचा भाग. त्याआधी तो निम्फ म्हणून, म्हणजे बिनपंखांच्या पिल्लाच्या रूपात, पाण्याखाली असतो. काही जातींत काही आठवडे, पुष्कळ जातींत वर्षभर, तर काहींत चार-पाच वर्षं. तिथे तो डासांच्या अळ्या, लहान किडे, प्रसंगी बेडकाचं पिल्लू आणि छोटा मासाही खातो. म्हणजे एखाद्या ओढ्यावर प्रौढ चतुर दिसला, तर तो ओढा गेले कित्येक महिने त्याच्या पिल्लाला पुरेल इतका जिवंत होता, असा त्याचा अर्थ. शिवाय प्रत्येक जातीची पाण्याची निवड वेगळी. ईस्टर्न अँबरविंग हा बोटाच्या पेराएवढा, मधाच्या रंगाच्या पंखांचा चतुर कोमट, गढूळ तळ्यावरही सुखात असतो. एबनी ज्युएलविंग ही काळ्या पंखांची टाचणी मागते वाहतं पाणी आणि काठावर सावली. स्प्रिंगवॉटर डान्सर ही टाचणी तर झऱ्याच्या पाण्याची. शेतातले नळ उखडून एखादं जुनं पाणथळ पुन्हा मोकळं केलं, तर ते खरंच सुधारतंय की नुसतं पाणी साचून राहिलंय, हे त्या पाण्यावर कोण येतं यावरून कळतं. यंदा कोण आलं, पाच वर्षांपूर्वी कोण येत होतं, यातला फरक सांगायला पाच वर्षांच्या नोंदी लागतात. एका सहलीतून तो कळत नाही.

२०२१ च्या डिसेंबरात आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं जगातल्या चतुर-टाचण्यांच्या स्थितीचा पहिला संपूर्ण आढावा मांडला. ६,०१६ जातींपैकी १६ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत असं त्यात दिसलं, आणि कारण जवळजवळ सगळीकडे तेच आहे: गोड्या पाण्याच्या जागा आटणं, भरल्या जाणं, घाण होणं.

हे दूरचं वाटत असेल, तर लेमाँटच्या राममंदिराचा रस्ता आठवा. उत्तरेकडून येताना लेमाँट रोडवर आपण डे प्लेन्स नदीचं खोरं ओलांडतो. खाली झाडी, रेल्वे, कालवा दिसतो. दर्शनाची घाई असते, कोणी फारसं बघत नाही. त्या खोऱ्यात हाइन्स एमरल्ड नावाचा चतुर राहतो. हिरव्याकंच डोळ्यांचा, गडद धातूसारख्या अंगाचा. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं १९९५ मध्ये त्याला संकटग्रस्त म्हणून जाहीर केलं. त्याला लागतं डोलोमाइटच्या, म्हणजे चुनखडीसारख्या, खडकावर पसरलेलं, झऱ्याचं उथळ पाणी, आणि त्या पाण्यातली क्रेफिशची (गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या जीवाची) बिळं. ओलावा आटला किंवा हिवाळा आला की त्याचे निम्फ त्या बिळांत आसरा घेतात. अशी जागा फार थोडी उरली आहे. इलिनॉयमध्ये ती मुख्यतः याच खोऱ्यात, कुक, ड्यूपेज आणि विल या तीन काउंट्यांत आहे. म्हणजे आपली घरं, आपली मंदिरं, मुलांच्या मराठी शाळा जिथे आहेत तिथेच. बोलिंगब्रुकहून दक्षिणेला जाणारा आय-३५५ चा विस्तार २००७ मध्ये सुरू झाला. त्याचा नदीवरचा लांबलचक पूल उंचावरून नेताना या चतुराचा विचार करावा लागला होता. वाहनांवर आदळून मरू नये, त्याला पुलाखालून उडता यावं म्हणून. आपल्यापैकी कितीतरी जण त्या पुलावरून रोज कामाला जातात.

हाइन्स एमरल्डची मोजणी तज्ज्ञ करतात, त्याला हात लावायलाही परवाना लागतो. मी तुम्हाला ते करायला सांगत नाही. मी सांगते आहे ते साध्या, सगळीकडे दिसणाऱ्या चतुरांबद्दल. दुर्मिळ जीवाला सरकार असतं, कायदा असतो, निधी असतो. साध्या जीवाकडे कोणी बघत नाही, कारण तो असणारच असं आपण धरून चालतो. रस्टी पॅच्ड बंबलबी या मोठ्या केसाळ मधमाशीचं तसंच झालं. काही दशकांपूर्वी ती इथल्या अंगणांत सहज दिसायची, म्हणून तिची नेमानं मोजदाद कोणाला करावीशी वाटली नाही. ती झपाट्यानं गेली आणि २०१७ मध्ये तीही संकटग्रस्त यादीत आली. नचूसात ती अजून दिसते, हे आमचं भाग्य. ती नेमकी कधी आणि कुठून कमी व्हायला लागली, हे सांगायला पुरेशी जुनी मोजणी असती तर काही उपाय वेळेवर झाले असते, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच जिथे तिथे दिसणारी ईस्टर्न फोर्कटेल टाचणी मी प्रत्येक वेळी एकेक करून मोजते. ‘पुष्कळ’ असं लिहीत नाही.

काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे घाबरायचं कारण नाही हे कळेल. ऊन हवं, वारा कमी हवा. बहुतेक चतुर अंग तापल्याशिवाय नीट उडत नाहीत, त्यामुळे सकाळी दहाच्या आसपास निघालं तरी चालतं. भल्या पहाटे उठायची गरज नाही. आरंभी वेळ, तापमान, ढग आणि वारा लिहायचा. मग वाटेनं सावकाश चालायचं, दोन्ही बाजूंना बघायचं, जात आणि संख्या लिहीत जायचं. जाळं लागत नाही, उलट परवानगीशिवाय राखीव जागेत जाळं चालवता येत नाही. जवळचं दिसेल अशी दुर्बीण आणि साधा कॅमेरा पुरतो. ओळखू आलं नाही, तर फोटो काढून जाणकारांना दाखवायचा, आणि तरीही कळलं नाही तर ‘ओळख पटली नाही’ असं स्वच्छ लिहायचं. अंदाजानं नाव ठोकून देण्यापेक्षा ती नोंद कितीतरी जास्त कामाची. एखाद्या दिवशी काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं. हे शून्य लिहायचा नवीन लोकांना फार कंटाळा येतो, पण एप्रिलमध्ये प्रेअरीच्या निगेसाठी मुद्दाम गवत जाळल्यानंतर, पुरानंतर, कोरड्या उन्हाळ्यात त्या शून्यांतूनच ओढ्यावर काय बेतलं ते कळतं.

ओळखायला शिकणं हा माझ्या मते यातला सगळ्यात सुंदर भाग. एक उदाहरण देते. तळ्याकाठी प्रत्येक पंखावर तीन-तीन काळे ठिपके असलेला चतुर दिसतो. पुस्तक बघून आपण लगेच म्हणतो, ट्वेल्व्ह-स्पॉटेड स्किमर. पण कॉमन व्हाइटटेलच्या मादीच्या पंखांवरही अगदी तसेच ठिपके असतात. तिच्या नराशी तिचं काही साम्य नाही; त्याचं पोट खडूसारखं पांढरं आणि पंखांवर रुंद काळा पट्टा. मग काय बघायचं? पंख सोडून द्यायचे आणि पोटाची कड बघायची. ट्वेल्व्ह-स्पॉटेडच्या कडेनं पिवळी रेघ सरळ, सलग जाते. व्हाइटटेलच्या मादीला तिथे तिरपे तुकडे असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक सरकलेले. एकदा हे डोळ्यांत बसलं की दहा फुटांवरूनही चूक होत नाही. फोर्कटेलचं आणखी वेगळं. नर काळा, पाठीवर हिरव्या रेघा, शेपटीच्या टोकाला निळा ठिपका. तरुण मादी नारिंगी. आणि तीच मादी वय झालं की राखी-निळसर पावडर लावल्यासारखी होते. पहिल्या वर्षी या तीन जाती वाटतात. आठ-नऊ वर्षांची मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

जुलैत वेड क्रीकच्या काठी एबनी ज्युएलविंगचा नर पानावर बसलेला असतो तेव्हा त्याचे चारही पंख मिटून एक काळं पान झालेलं असतं आणि अंग मात्र उन्हात कधी हिरवं, कधी निळं चमकतं. मादी जरा मळकट, तिच्या पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका. ती पाण्यातल्या देठात अंडी घालत असते आणि नर दोन वीत अंतरावर बसून दुसऱ्या नरांना हाकलत राहतो. लव्हाळ्याच्या पात्यांवर निम्फच्या काती चिकटलेल्या दिसतात: पाठ उभी फाटलेली, आतून पांढरे धागे लोंबणारे, पाय अजून पात्याला घट्ट धरून. नुकताच बाहेर आलेला चतुर असेल तर त्याचे पंख काचेसारखे ओले चकाकतात आणि त्याला धड उडता येत नाही. लाल खांद्याचे ब्लॅकबर्ड नेमके तेव्हाच टिपायला येतात. अशा वेळी आपण चतुराला मदत करायची नाही, पक्ष्याला हाकलायचं नाही; बघायचं आणि लिहायचं.

आपल्या मोजणीचं पुढे काय होतं, असं लोक विचारतात. कॉमन ग्रीन डार्नरचं उदाहरण घ्या. हा मोठा हिरव्या छातीचा चतुर मार्च-एप्रिलमध्येच इलिनॉयमध्ये हजर होतो, इथलं पाणी अजून गार असताना. तो कुठून येतो हे बरीच वर्षं कोडं होतं. २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पंखांतल्या हायड्रोजनच्या प्रकारांवरून तो कोणत्या अक्षांशावर जन्मला ते काढलं गेलं, आणि त्याला जोड होती वर्षानुवर्षांच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींची. चित्र असं निघालं: दक्षिणेत जन्मलेली पिढी वसंतात उत्तरेला येते, अंडी घालते, मरते. इथे जन्मलेले त्यातले पुष्कळसे शरदात दक्षिणेला जातात. तिथे एक तिसरी पिढी जन्मते जी स्थलांतरच करत नाही, आणि तिची पिल्लं पुन्हा वर येतात. एकही चतुर पूर्ण फेरी करत नाही. पहिला डार्नर कोणत्या तारखेला दिसला, हे ज्यांनी वहीत लिहून ठेवलं त्या माणसांशिवाय हे कळलं नसतं.

दुसरा एक प्रवासी तर आपण सगळे ओळखतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि नंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, मैदानांवर नि माळांवर थव्यानं घिरट्या घालणारा पिवळसर-तांबूस चतुर, त्याला इथे वाँडरिंग ग्लायडर म्हणतात. जात तीच, पँटाला फ्लेव्हेसेन्स. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये असं मांडलं की भारतातून निघालेले हे चतुर मालदीववरून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिका गाठतात. इलिनॉयमध्ये तो जुलै-ऑगस्टमध्ये वाढतो आणि पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो. गणेशोत्सवाच्या वेळी शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांवरून खालून-खालून फिरणारे चतुर तुम्ही नक्की पाहिले असतील. जरा थांबून बघा, एखादी जोडी गाडीच्या बॉनेटवर शेपटीचं टोक टेकवत जाते. चकचकीत रंगावरून परतणारा उजेड तिला पाण्यासारखा भासतो आणि ती तापलेल्या पत्र्यावर अंडी घालून मोकळी होते. ती अंडी वाया जातात. जवळपास एक उथळ पाणथळ शिल्लक असतं तर तिला ते सापडलं असतं का, हा प्रश्न मला दर गणपतीत पडतो.

आता मंडळांच्या कार्यकारिणीशी थोडं स्पष्ट बोलते. ‘नेचर वॉक’ नावाचा एक कार्यक्रम करावा, साठ-सत्तर जण यावेत, वडापाव व्हावा, असं आपल्याकडे लगेच सुचतं. तसा कार्यक्रम जरूर करा, पण मी मागते आहे ते हे नाही. साठ माणसं एका वाटेवर गेली की एकही चतुर जागेवर राहत नाही, आणि एका दिवसाच्या यादीवरून फारसं काही कळत नाही. मला हवी आहेत चार-पाच कुटुंबं, जी एकाच वाटेला तीन वर्षं तरी धरून राहतील. आपल्या समाजाला हे जमतं. ढोल-ताशाची पथकं दर आठवड्याला सराव करतात, मराठी शाळा रविवारमागून रविवार चालतात, एकांकिकेच्या तालमी चार-चार महिने होतात. तीच चिकाटी पुष्कळ आहे.

अडचणी मला माहीत आहेत. शनिवार-रविवारी मुलांचे क्लास असतात. मग वाट दोन कुटुंबांनी आलटून-पालटून घ्यावी. पद्धत तीच ठेवली आणि दोघांनी आधी काही फेऱ्या एकत्र केल्या तर नोंदीत फारसा फरक पडत नाही. इंग्रजी नावं आणि शास्त्रीय नावं अवघड वाटतात. पहिल्या वर्षी पंधरा जाती आल्या तरी पुष्कळ झालं. आणि आपल्या मनात कुठेतरी असतं की गवतात काय बघायचं. ही समजूत आपण तिकडूनच घेऊन आलो आहोत. मी सुप्याकडची. आमच्याकडे माळ म्हणजे काही न पिकणारी जमीन; सरकारी नकाशांतही देशातल्या माळरानांचा मोठा भाग पडीक म्हणून दाखवला जातो. त्याच माळावर मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा चरतात. इलिनॉयलाही लोक ‘सपाट, कंटाळवाणं’ म्हणून विमानातून ओलांडून जातात, आणि इथल्या गवताची मुळं दहा-दहा फूट खाली गेलेली असतात.

एक विनंती खास, उन्हाळ्यात इथे येणाऱ्या आई-वडिलांबद्दल. ते मे-जूनमध्ये येतात, ऑक्टोबरला परततात. मुलं कामावर, नातवंडं कॅम्पला, गाडी चालवता येत नाही, दिवस टीव्हीसमोर जातो. त्यांचा मुक्काम आणि चतुरांचा हंगाम नेमका एकच आहे. स्वयंसेवक म्हणून नाव इथे राहणाऱ्यानंच नोंदवावं, पण सोबत चालायला त्यांना अवश्य न्या. शेतीत आयुष्य गेलेल्या माणसाची नजर हलणाऱ्या बारीक गोष्टीवर जितकी पटकन जाते तितकी आपली जात नाही. नचूसाच्या एका उताराजवळ, ‘तिथे काहीतरी बसलंय’ असं साताऱ्याकडच्या एका आजोबांनी काठीनं दाखवलेला हॅलोवीन पेनंट, नारिंगी पंखांवर तपकिरी पट्टे असलेला, गवताच्या शेंड्यावर वाऱ्यात निशाणासारखा हेलकावत होता. बरोबरच्या आम्हा तिघींनाही तो दिसला नव्हता. त्यांना नाव माहीत असायची गरज नव्हती. नंतर त्यांनी घरी फोनवर त्याचं वर्णन इतकं नेमकं केलं, की ते ऐकून मला माझ्या नोंदी अपुऱ्या वाटल्या. वाट मात्र त्यांच्या गुडघ्यांना झेपेल अशी निवडा. मॉर्टन आर्बोरेटममधली शूलेनबर्ग प्रेअरी, जिची लागवड १९६२ मध्ये सुरू झाली, ती लाइलमध्ये, आपल्या घरांच्या अगदी जवळ आहे आणि तिथे चालायच्या चांगल्या वाटा आहेत. थोडं लांब जायची तयारी असेल तर विल्मिंग्टनजवळचं मिडेविन आहे. १९९६ मध्ये जुन्या दारूगोळा कारखान्याच्या जमिनीवर उभं राहिलेलं, देशातलं पहिलं राष्ट्रीय टॉलग्रास प्रेअरी क्षेत्र.

सुरक्षेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. गवतात गोचीड असतात आणि त्यातल्या काहींमुळे लाइम हा आजार होतो. लांब पँट मोज्यात खोचायची, फिक्या रंगाचे कपडे घालायचे, घरी आल्यावर मुलांच्या कानामागे, काखेत, केसांत नीट बघायचं. पिवळ्या छत्रीसारख्या फुलांचं वाइल्ड पार्सनिप ओळखायला शिका. त्याचा चीक अंगाला लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. पाणी भरपूर न्या, टोपी घाला. बायसन असलेल्या भागात स्वतःच्या मनानं कधीही उतरू नका. तिथल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि परवानगी लागते.

शिकायची सोय आहे. इलिनॉय ओडोनेट सर्व्हे (ओडोनेट म्हणजे चतुर आणि टाचण्या) नावाचा उपक्रम शिकागोच्या पेगी नोटबार्ट निसर्ग संग्रहालयातर्फे चालतो. १९८७ पासून सुरू असलेलं फुलपाखरांच्या मोजणीचं जाळंही त्यांच्याकडेच आहे. हंगामाआधी शिकवणी होते, वाट ठरवून दिली जाते, नोंदी एकाच पद्धतीनं एकाच ठिकाणी जमा होतात. ज्यांना फोटो काढून कुठेतरी टाकायची सवय आहे त्यांना मी एवढंच सांगेन, की ती सवय चांगली आहे, पण फोटो आपण विशेष दिसलं त्याचा काढतो. ठरलेल्या वाटेवरची मोजणी नेहमीच्या दिसण्याचीही असते, आणि न दिसण्याचीही.

तर कार्यकारिणीला माझी विनंती अशी. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मला पंधरा मिनिटं द्या. भाषण करणार नाही. पडद्यावर दहा चतुर आणि पाच टाचण्या दाखवीन आणि त्या कशा ओळखायच्या ते सांगीन. ज्या फोटोंमध्ये चूक होते तेही दाखवीन. मराठी शाळेच्या वर्गांना तेच वेगळं करून दाखवायला मी तयार आहे. ज्या कुटुंबांना वाट घ्यायची आहे त्यांनी मंडळाकडे नाव, कोणत्या गावात राहता, आणि आठवड्यात कोणत्या दिवशी सकाळी दहा ते एक मोकळे असता एवढं कळवावं. तुमच्या जवळ कोणती वाट रिकामी आहे ते संबंधित लोकांना विचारून कळवायचं काम मी करीन, आणि पहिल्या दोन फेऱ्यांना तुमच्याबरोबर येईन. नावं मार्चअखेरपर्यंत आली तर शिकवणीला वेळ मिळेल. मेच्या शेवटी फोर्कटेल उडायला लागलेल्या असतात.

आपली नम्र,
नचूसातल्या एका वाटेवरची मोजणीदार
नेपरव्हिल, इलिनॉय